विदर्भातली जंगल सफारी: ताडोबा, पेंच, नागझिरा, मेळघाट आणि बोरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी जवळ आली की एकदा आणि मुलांच्या वार्षिक परीक्षा संपत आल्या की पुन्हा एकदा, विदर्भातल्या जंगलांची चौकशी सुरू होते. पुण्या-मुंबईहून, बेळगाव-इंदूरहून, सुट्टीवर घरी येणाऱ्या परदेशस्थ मंडळींकडून. बरेचसे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. सफारीचे दर आणि गेटच्या वेळा बदलत राहतात, त्यामुळे त्यांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. बुकिंगच्या दिवशी वन विभागाच्या संकेतस्थळावर दिसतील तेच खरे धरा.

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प हे तिन्ही एकच का?

नाही, पण एकाच जंगलावर तिन्ही पाट्या असू शकतात, म्हणून घोळ होतो. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जाहीर होतात. उद्यानात नियम जास्त कडक, गुरं चारायलाही मनाई. अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क राहू शकतात. व्याघ्र प्रकल्प ही त्याहून मोठी चौकट आहे: मधे गाभा, म्हणजे कोअर, आणि भोवती बफर.

ताडोबाचंच घ्या. ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 मधलं, राज्यातलं सर्वांत जुनं. अंधारी अभयारण्य 1986 मधलं. दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा झाला, सुमारे 625 चौरस किलोमीटरचा. बफर त्याहून मोठं, 1,100 चौरस किलोमीटरच्या आसपास. महाराष्ट्रात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर आणि सह्याद्री. त्यातले पाच विदर्भात.

आम्ही पहिल्यांदाच जातोय. यातलं कुठलं जंगल निवडावं?

वाघ बघायची ओढ असेल आणि हाताशी दोनच दिवस असतील, तर ताडोबा. इथं वाघांची दाटी आहे, रस्ते पाणवठ्यांच्या जवळून जातात आणि वाघांना गाड्यांची सवय झालेली आहे. पण गर्दीही तिथंच जास्त.

घरात लहान मुलं असतील आणि नागपूरहून लांब जायचं नसेल, तर पेंच. सागाचं उघडं जंगल, तोतलाडोहचं पाणी, चितळांचे मोठे कळप. शिवाय रात्रीचं आकाश. 2024 च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या पेंचला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. शहरातल्या मुलाला आकाशगंगा पहिल्यांदा दाखवायची असेल, तर अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा.

पक्षी, रानकुत्रे आणि शांतता हवी असेल तर नागझिरा. गोंदिया-भंडाऱ्याचं हे जंगल मला स्वतःला सर्वांत जवळचं आहे. तलावाच्या काठी गाडी थांबवून अर्धा तास नुसतं बसलं तरी सफारी सार्थकी लागते.

मेळघाट वेगळंच प्रकरण आहे, त्याबद्दल खाली स्वतंत्र प्रश्न घेतला आहे. बोर आणि उमरेड-कऱ्हांडला ही नागपूरपासून दीड-दोन तासांवरची लहान जंगलं, एका सफारीसाठी सोयीची. बोरचा गाभा 2014 मध्ये प्रकल्प झाला तेव्हा अवघा 138 चौरस किलोमीटरचा होता. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ बघायला म्हणून जाऊ नका. कोयना-चांदोलीचं रान सदाहरित, पावसाचं, घनदाट, आणि तिथं वाघ अगदी मोजके.

कोअरचं बुकिंग मिळालं नाही. बफरमध्ये जाण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. बफर म्हणजे दुय्यम जंगल, हा गैरसमज फार पसरला आहे. वाघाला कोअर आणि बफरची रेघ दिसत नाही. ताडोब्यातल्या आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंजा, मदनापूर या बफर गेटांवर वाघ नियमित दिसतात. फरक इतकाच की बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, गुरं आहेत. वाघाच्या मागे पळसाऐवजी विजेचा खांब दिसू शकतो. मला तर त्या दृश्यात विदर्भाच्या जंगलाचं खरं चित्र दिसतं.

कोअरमध्येही सगळीकडे फिरता येत नाही. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभ्यातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. त्यानंतर आलेल्या राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाभ्याचा जास्तीत जास्त 20 टक्के भाग पर्यटकांसाठी खुला ठेवता येतो. उरलेल्या जंगलात कुणाचीही जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, जात नाही.

कोणत्या महिन्यात जावं? उन्हाळ्यातच वाघ दिसतो असं म्हणतात.

एप्रिल-मेमध्ये पाणी आटतं, पानं गळून जंगल विरळ होतं आणि जनावरं पाणवठ्याला धरून राहतात. त्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो आणि दुपारची सफारी त्या उन्हातच सुरू होते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हा महिना नको.

ऑक्टोबरात गाभा उघडतो तेव्हा सगळं हिरवंगार असतं, गवत माणसाच्या उंचीचं. जनावर दहा फुटांवर असूनही दिसत नाही, पण कॅमेऱ्याला तो उजेड नंतर वर्षभर मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी उघड्या जिप्सीत हाडांपर्यंत जाते आणि सकाळी धुकं तलावावर रेंगाळतं. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. पळस पेटलेला असतो, उकाडा सुरू झालेला नसतो आणि मुलांच्या परीक्षांमुळे गर्दी कमी असते.

पावसाळ्यात सगळंच बंद असतं का?

ताडोब्याचा गाभा 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो. बफरची काही गेटं रस्ते आणि पाऊस बघून चालू ठेवतात. जोरदार पाऊस झाला तर सकाळीच फेरी रद्द होऊ शकते, ही तयारी ठेवून जा.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: ताडोब्याचा गाभा दर मंगळवारी बंद असतो. शनिवार-रविवारला जोडून सोमवार-मंगळवार रजा काढणारे इथंच फसतात. इतर प्रकल्पांचे सुट्टीचे वार निराळे असतात. रेल्वेचं तिकीट काढण्याआधी ते बघा.

बुकिंग कुठं आणि किती आधी करायचं?

वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो की नाही ते तपासा, कारण हुबेहूब दिसणारी खासगी पानं शोधात वर येतात. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाइड. प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो, आणि गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं.

शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांसाठी बुकिंग उघडेल त्या दिवशीच बसा. आठवड्याच्या मधल्या वारांना, विशेषतः दुपारच्या फेरीला, अगदी थोडे दिवस आधीही जागा मिळून जाते. आधी सफारी, मग राहायची जागा, मग रेल्वे, हा क्रम ठेवा. उलटा केला की मोहर्ली गेटला खोली आणि दूरच्या कोलारा गेटची सफारी, असा प्रकार होतो.

ताडोब्याला कुठलं गेट घ्यावं? आम्हाला 'नवेगाव' मिळालंय, ते तर गोंदियाकडे आहे ना?

हा गोंधळ दर मोसमात कुणाचा तरी होतो. ताडोब्याच्या गाभ्याला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी गेटं आहेत. यातलं नवेगाव चिमूरच्या बाजूचं. नवेगाव-नागझिरा प्रकल्पातलं नवेगावबांध गोंदिया जिल्ह्यात, तिथून खूप लांब. तिकिटावर प्रकल्पाचं नाव वाचा, नुसतं गेटचं नको.

चंद्रपूरहून येत असाल तर मोहर्ली जवळ, नागपूरहून उमरेड-चिमूरमार्गे येत असाल तर कोलारा किंवा नवेगाव. 'कुठल्या गेटला वाघ जास्त?' याचं पक्कं उत्तर कुणाकडेच नसतं. पिल्लांची आई जागा बदलते आणि गेल्या महिन्यातलं गाजलेलं गेट या महिन्यात शांत होतं. राहण्याच्या ठिकाणाला जवळचं गेट घ्या, पहाटेची झोप वाचेल.

पुण्या-मुंबईहून कसं पोचायचं?

नागपूर हे मुख्य ठाणं. मुंबईहून सेवाग्राम एक्सप्रेस नागपूरपर्यंत जाते, आणि विदर्भ एक्सप्रेस पुढे गोंदियापर्यंत, म्हणून नागझिऱ्याला ती सोयीची. मेळघाटसाठी बडनेऱ्याला उतरून अमरावती-परतवाड्यावरून वर चढायचं. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाल्यापासून गाडीने येणारे वाढलेत, पण 701 किलोमीटर सरळ रस्ता एका दमात मारू नका. चालकाला डुलकी लागते.

नागपूरहून मोहर्ली सुमारे 140 किलोमीटर, पेंचचं सिल्लारी सुमारे 70, बोर साधारण 65. चंद्रपूरहून मोहर्लीला जाताना आधी औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आणि कोळशाच्या खाणींचे काळे ढिगारे लागतात. आणि त्यांना लागूनच जंगल सुरू होतं. वाघ किती कमी जागेत निभावतोय, ते त्या रस्त्यावर कळतं.

वाघ दिसेलच का? किती सफाऱ्या घ्याव्यात?

'हमखास' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ धरले गेले, देशात सरासरी अंदाज 3,682. आकडे मोठे वाटतात, पण एकेका वाघाचं क्षेत्र दहा-वीस चौरस किलोमीटरचं किंवा त्याहूनही मोठं असतं. तुम्ही त्यातल्या एका पट्टीवरून चार तास जाता. दोन दिवसांत तीन-चार सफाऱ्या, सकाळ-दुपार मिसळून, हा ठीक हिशेब. वाघ दिसला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत.

पण खरं उत्तर सांगते. गेल्या मार्चमध्ये आगरझरीच्या बाजूला आमच्या जिप्सीवर एक ताई गाइड होत्या, जवळच्याच गावातल्या. रस्त्याच्या फुफाट्यात त्यांना पगमार्क दिसला. गाडी थांबवायला सांगून त्या वाकून नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रात्रीच गेलाय. हे पाहा, ठशावर होल्याची पावलं उमटलीत." खरंच, वाघाच्या त्या मोठ्या गादीवर पाखराच्या तीन-तीन बोटांची नाजूक रांग तिरकी गेली होती. पुढे त्यांनी वाघाची चाहूल लागलेल्या जनावरांच्या इशाऱ्यांना कान कसे द्यायचे ते शिकवलं. चितळ कशालाही ओरडतं, त्याच्या एका कॉलवर धावू नये. वानर झाडाच्या शेंड्यावरून बघतं, त्याचं खकारणं चालूच राहिलं तर थांबावं. आणि सांबराने शेपूट ताठ करून, पाय आपटून 'पोंक' दिली, तर इंजिन बंद करून बसावं.

त्या सकाळी सांबराने तीनदा पोंक दिली. आम्ही चाळीस मिनिटं बसलो. बांबूच्या बेटात काहीतरी हललं, पानं वाजली, आणि पुन्हा सगळं शांत झालं. वाघ दिसला नाही. माझ्या मुलीला आजही ती सकाळ तपशिलासकट आठवते, आणि आधीच्या वर्षी रस्त्यावर सरळ चालत आलेला वाघ मात्र तिला फोटो बघूनच आठवतो. तीन-चार सफाऱ्या घ्या म्हणते ते यासाठी. पहिली-दुसरी वाघ शोधण्यात जाते, तिसरीपासून जंगल ऐकू यायला लागतं.

वाघ सोडून काय बघावं?

गवा, अस्वल, रानकुत्रे, चौशिंगा, भेकर, रोही. ताडोबा तलावात मगरी आहेत. सर्पगरुड जवळपास प्रत्येक सफारीत दिसतो. मे अखेरीस नवरंग येतो, त्याची दोन सुरांची शीळ ऐकली की पाऊस फार लांब नाही हे ओळखावं. झाडांत ऐन, तेंदू, मोह, अर्जुन, आणि चांदण्यात पांढरं दिसणारं कराईचं झाड, ज्याला गाइड 'भुत्या' म्हणतात.

ताडोबा हे नावच 'तारू' या गोंड पुढाऱ्यावरून पडलं असं सांगतात. वाघाशी झुंजताना तो तलावाकाठी पडला. तिथं त्याचं ठाणं आहे आणि पौषात आदिवासींची जत्रा भरते. गाइडला त्याबद्दल जरूर विचारा.

मेळघाटात वाघ फारसा दिसत नाही म्हणतात. मग जावं कशाला?

डोंगरासाठी. 1973-74 मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यात मेळघाट होतं. सातपुड्याच्या गाविलगड रांगा, खोल दऱ्या, सिपना, गडगा, खापरा या नद्यांची खोरी. वाघ आहेत, पण रान इतकं विस्तीर्ण आणि चढ-उताराचं की ते दिसणं नशिबाचं. सेमाडोह किंवा कोलकासला मुक्काम करा, कोरकू गावांमधून जाणारा रस्ता सावकाश पार करा.

आणि रानपिंगळा. हे लहानसं घुबड 1884 नंतर कुणाला सापडलं नव्हतं, संपलं असंच धरलं गेलं होतं. 113 वर्षांनी, 1997 मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा दिसलं, आणि आज त्याचा एक महत्त्वाचा आसरा मेळघाट आहे. दिवसा सागाच्या उघड्या फांदीवर बसलेला हा जीव बघायला पक्षीनिरीक्षक देशोदेशींहून येतात.

पेंच महाराष्ट्रात की मध्य प्रदेशात?

दोन्हीकडे. नदी एक, जंगल एक, प्रशासनं दोन आणि बुकिंगही दोन. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, कोलितमारा ही महाराष्ट्राची गेटं. तुरिया मध्य प्रदेशचं, त्याचं तिकीट त्या राज्याच्या संकेतस्थळावर. नागपूर-शिवनी महामार्ग या जंगलातून जातो आणि जनावरांना ओलांडता यावं म्हणून तो बऱ्याच ठिकाणी उंच खांबांवर उचललेला आहे. खालच्या कॅमेऱ्यांत वाघांनीही तो मार्ग वापरल्याचं दिसलं आहे.

स्वतःची गाडी आत नेता येते का? पायी फिरता येतं का?

ताडोबा-पेंचच्या सफारीला गेटवर नोंदलेली जिप्सीच लागते, गाइड सक्तीचा. ठरवून दिलेल्या जागेखेरीज गाडीतून उतरायचं नाही, लघवीसाठीही नाही. निघण्याआधी गेटवर जाऊन या, मुलांना आठवणीने पाठवा.

काय घालावं, काय न्यावं?

मातकट, हिरवट, करडे कपडे. लाल-पांढरं नको, अत्तर नको. हिवाळ्यात कानटोपी, हातमोजे आणि मांडीवर घ्यायला जाड शाल, कारण बसल्या जागी वारा लागतो. उन्हाळ्यात ओला पंचा डोक्या-मानेवर, टोपीपेक्षा तो जास्त उपयोगी. पाणी घरच्या बाटलीत, खाण्याचं पाकीट आत उघडायचं नाही. दुर्बीण एक तरी हवी.

लहान मुलं आणि आजी-आजोबांना नेणं बरं का?

सहा-सात वर्षांच्या पुढचं मूल चार तास निभावतं, त्याखालचं कंटाळतं आणि रडलं की सगळ्या गाडीची पंचाईत होते. अगदी लहान मुलासाठी दुपारची बफर फेरी बघा. कंबर-मणक्याचा त्रास असलेल्यांना मधली ओळ द्या, मागची उसळते. गरोदरपणात नकोच.

हे जमणार नसेल तर नागपूरचं गोरेवाडा आहे. बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानातली सफारी 2021 मध्ये सुरू झाली. तिथली जनावरं मोठ्या कुंपणात आहेत, त्यामुळे तिला जंगल सफारी समजू नका, पण चार वर्षांच्या नातवासाठी आणि आजीसाठी ती चांगली आहे.

मोबाइल नेता येतो का? कॅमेरा?

मोबाइल गेटवर जमा करावा लागतो किंवा बंद करून ठेवावा लागतो, कडकपणा दिवसेंदिवस वाढतोय. कॅमेरा चालतो, मोठ्या लेन्सला काही ठिकाणी वेगळं शुल्क. बंदी कशासाठी, ते पुढच्या उत्तरातल्या गाड्यांच्या कोंडीवरून कळेल.

गाइडला 'गाडी आणखी जवळ घ्या' म्हटलं तर चालतं का? टिप किती द्यावी?

नाही, म्हणू नका. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडल्याच्या गोठणगाव भागात एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्हीकडून आलेल्या पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकली. चित्रफीत पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई झाली ती चालक-गाइडांवर. गाडीतल्या सहा जणांनी 'घ्या, घ्या' म्हणून धोशा लावला की त्यांना नाही म्हणणं जड जातं, कारण त्यांचं पोट त्यावर आहे.

म्हणून फेरी सुरू होतानाच सांगा: "दादा, वाघ दिसला नाही तरी चालेल, आम्हाला जंगल दाखवा." चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो. टिप ऐच्छिक आहे, पण वाघ दिसला म्हणून जास्त आणि नाही दिसला म्हणून शून्य, असं करू नका.

रात्रीची सफारी कुठं मिळते?

जुन्या लेखांत उल्लेख सापडतील, त्यावर बेत आखू नका. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये व्याघ्र प्रकल्पांतल्या रात्रीच्या पर्यटनाला मनाई केली आहे.

सहांपैकी एक जण येऊ शकला नाही, त्याच्या जागी दुसरा चालेल का? परदेशी पासपोर्ट असेल तर?

नाव बदलून मिळत नाही असंच धरून चला. गेटवर वाद घालण्यात सफारीचा वेळ जातो. परदेशी पासपोर्ट असणाऱ्यांची नोंद वेगळ्या गटात, पासपोर्ट क्रमांकावर होते. आधारवर नोंद करून गेटवर पासपोर्ट दाखवला की अडतं. घरातल्या कुणाकडे काय आहे ते आधी विचारून घ्या.

आमच्या पैशांतून गावांना काही मिळतं का? तिथं वाघ माणसं मारतो असं वाचलं.

गाइड, चालक, गेटवरची माणसं, होमस्टे चालवणाऱ्या बाया बहुतेक लगतच्या गावांतल्या. त्यामुळे शक्य तिथं गावातल्या घरी राहा, गावात जेवा. आणि हो, वाचलं ते खरं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात माणसं दगावतात. शेतात राखणीला गेलेली, गुरं चारणारी, मोह वेचणारी. गाभ्यातली बोटेझरी, नवेगाव अशी गावं उठून बाहेर वसली, ते घरदार सोडणं सोपं नव्हतं. वाघ वाढला याची किंमत कोण देतंय, ते विसरून सफारी करता येत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये जात असाल तर एवढं करा. पहाटे पाचला गेटकडे निघाल तेव्हा बफरच्या रस्त्यावर गाडी हळू चालवा आणि प्रखर दिवे खाली घ्या. मोहाखाली टोपली घेऊन बाया-पोरं वाकलेली असतात, पाठ रस्त्याकडे, आणि त्यांचे कान जंगलाकडे लागलेले असतात. हॉर्न वाजवू नका.